पाहुण्याची ओळ

३ सप्टेंबर

ताई,

वरचा मायना तीनदा लिहिला आणि तिन्ही कागद फाडले. 'तीर्थरूप' लिहावं तर तू हसशील, 'प्रिय' लिहावं तर चिडशील, आणि 'नमस्कार' लिहावा तर तुला वाटेल पोलीस प्रमुखांच्या कार्यालयातून नोटीस आली. म्हणून नुसतं ताई. तेवढा हक्क अजून शिल्लक आहे असं मी आपली धरून चालते.

सत्तावीस वर्षांत पत्र लिहिलं नाही, कारण तशी गरजच पडली नाही. आई होती ना. सहा महिने तुझ्याकडे, सहा महिने माझ्याकडे, आणि तिकडची बातमी इकडे, इकडची तिकडे. तू बायकांसाठी ड्रायव्हिंग स्कूल काढलंस हे आईने सांगितलं. शिकवणाऱ्याच्या पायाशी जो दुसरा ब्रेक लागतो तो त्या वेल्डरने डाव्या हाताने जोडून दिला, हेही तिनेच सांगितलं, आणि सांगून माझ्याकडे बघत राहिली. तुझा गुडघा, भाचीने कापलेले केस, वरच्या मजल्यावर न चढणारं पाणी. मी म्हणायची, "तिला म्हणावं, टाकीजवळचा व्हॉल्व्ह बघ." आई म्हणायची, "तूच म्हण की," आणि पुन्हा विणायला घ्यायची. ती जाऊन आठ महिने झाले. त्या दिवशी तू आतल्या खोलीत होतीस, मी बाहेरच्या, आणि मधलं दार सताड उघडं होतं. आठ महिने मला तुझ्या गुडघ्याचं काहीही कळलेलं नाही. हे किती अंगावर येईल याचा मला अंदाज नव्हता.

परवा तुला पाहिलं. सकाळी अकराची वेळ, मोठ्या चौकातला सिग्नल. पुढे तुझी शिकाऊ गाडी बंद पडली होती, मागे मी, दिव्याच्या गाडीत. माझ्या ड्रायव्हरने हॉर्नवर हात ठेवला तो उचलेच ना. "दुसरा सिग्नल गेला मॅडम, ही बाई आज काही गाडी काढत नाही." मी त्याचं बोलणं ऐकत नव्हते. शेजारच्या सीटवरची तुझी मान बघत होते. केस मागे सगळे पांढरे झालेत. आईने हे सांगितलं नव्हतं. स्टिअरिंगवरची मुलगी रडकुंडीला आली असणार, पण तू काहीतरी सांगितलंस आणि ती चक्क हसली, आणि गाडी सुरू झाली. मी ड्रायव्हरला म्हटलं, "पुन्हा शिकाऊ गाडीमागे हॉर्न वाजवलास तर तुला वाहतूक शाखेत चौकात उभा करीन." बिचाऱ्याने दिवसभर हॉर्नला हात लावला नाही. त्याला काय माहीत.

मला प्रमुख केलं ते तू पेपरात वाचलं असशील. 'शहराला पहिली महिला पोलीस प्रमुख' आणि खाली माझा तो फोटो, ज्यात मी कुणावर तरी डाफरतेय असं दिसतं. डाफरत नव्हते, ऊन डोळ्यांत येत होतं. आता कामाचं सांगते. पहिल्या महिन्यात मी ठाण्याठाण्यांत जाऊन एकच गोष्ट बघितली, लिहायचं काम कोण करतं. सगळीकडे बाई. "मॅडम, त्यांचं अक्षर चांगलं असतं." आपण दोघी एकाच ठाण्यात होतो तेव्हाही हेच होतं. गस्त पुरुषांना, तपास पुरुषांना, आणि टेबल, डायरी, टाचण्या बायकांना. मी हुकूम काढला. ज्याने माणूस आणला त्यानेच, आणला त्याच मिनिटाला, स्वतःच्या हाताने नोंद करायची. मग काय, एकेकाची पाचावर धारण बसली. एका हवालदाराने तीस वर्षांत सहीपलीकडे काही लिहिलं नव्हतं. तो पेन धरून म्हणाला, "काय लिहू?" मी म्हटलं, "दिसतंय ते लिहा." त्याने लिहिलं, 'इसम आला. बसला आहे. घाबरला आहे.' अक्षर कोंबडी चालून गेल्यासारखं, पण इतकी खरी नोंद मी नोकरीभर वाचली नव्हती.

आणि दुसरा हुकूम पाहुण्याच्या ओळीबद्दल. बैठकीत मी अगदी साळसूदपणे विचारलं की डायरीत दर पाळीच्या शेवटी दोन-तीन ओळी कोऱ्या का दिसतात. सगळे छताकडे बघायला लागले. शेवटी एक जुना अधिकारी म्हणाला, "ती पाहुण्याची ओळ, मॅडम. मागाहून काही घालायचं राहिलं तर जागा असावी. आधीची वेळ टाकून घालता येतं. आलेल्याला बसायला पाट नको का?" सगळे हसले. मीही हसले. मग सांगितलं की उद्यापासून एकही ओळ कोरी दिसली तर त्या ठाण्याच्या प्रमुखाने माझ्यासमोर येऊन उभं राहायचं.

तुला हे आवडेल असं वाटलं. म्हणून लिहिलं.

तुझी
घुमी

*

१२ सप्टेंबर

ताई,

उत्तर आलं नाही, येईल असं समजूनही बसले नव्हते. तरी टपालाचा ट्रे रोज दोनदा स्वतः बघते. माझ्या कारकुनाला वाटतं मॅडमना वरून बदलीचा धाक आहे.

एक झालं ते सांगते. सोमवारी एक नवी फौजदार भेटायला आली. वय सव्वीस असेल. बूट असे चकचकीत की माझंच मला लाजल्यासारखं झालं. हुकूम निघाल्यानंतरही तिच्या ठाणेप्रमुखाने पाहुण्याची ओळ सोडायला लावली होती. एका माणसाला सकाळी आणून बसवलं आणि संध्याकाळी तिला म्हणाला, लिही, आत्ताच आणला. तिने पेन टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, हे मी लिहिणार नाही. दुसऱ्या दिवसापासून ती मुद्देमालाच्या खोलीत जप्त सायकली मोजतेय. तिचं सगळं सांगून झाल्यावर ती म्हणाली, "मॅडम, माझं चुकलं का? तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं?"

"तेच, जे तू केलंस," मी म्हणाले.

इतकं सहज आलं ते तोंडातून. अडखळले नाही, डोळे हलवले नाहीत. तिचे डोळे भरून आले. कडक सलाम ठोकून गेली. मी त्याच दुपारी तिला परत ठाण्यावर घेतलं आणि तिच्या प्रमुखाची चौकशी लावली. आपलं ठेवावं झाकून अन् दुसऱ्याचं बघावं वाकून, आई म्हणायची ना, त्यातली गत.

ताई, त्या दिवसाबद्दल आपण कधीच बोललो नाही. आता बोलते. तुला सगळं माहीत आहे, पण मला एकदा ओळीने मांडू दे.

सकाळी अकराला त्या वेल्डरला चोरीच्या संशयावरून आणला. टेबलावर मी होते, नोकरीला जेमतेम सव्वा वर्ष झालेली. आपले साहेब म्हणाले, "आत्ता नोंद नको, बघू." मी ओळ सोडली. मागच्या खोलीतून आवाज येत होते आणि मी रजिस्टरांच्या कडा एका रेषेत लावत बसले होते. दुपारी साडेतीनला तू पाळीवर आलीस. त्याचा हात बघितलास आणि कुणाला न विचारता त्याला जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलंस. तिथल्या कागदावर सही तुझी. उजव्या हाताची बोटं कायमची गेली हे दुसऱ्या दिवशी कळलं, आणि चोर तिसराच निघाला हेही. चौकशी येणार अशी बोंब झाली. साहेबांनी मला बोलावलं. वेळ सांगितली, नाव सांगितलं, आणि मी पाहुण्याच्या ओळीत लिहिलं, 'दुपारी पावणेचार. संशयित इसमास ताब्यात घेऊन आणले', आणि पुढे तुझं नाव. म्हणजे तो आला तुझ्याच ताब्यात आणि हात मोडला तोही तुझ्याच ताब्यात. तू चौकशीत सांगितलंस की तो सकाळपासून ठाण्यात होता. वेल्डरनेही सांगितलं. पण तोंडाला कोण विचारतं, कागद बोलतो. तुला काढलं, आणि कागद कुणी लिहिला हे तू शेवटपर्यंत कुणाला सांगितलं नाहीस.

साहेबांनी सांगितलं म्हणून लिहिलं, ताई. सव्वा वर्षाच्या नोकरीतली मुलगी मी, दुसरं काय करणार होते?

घुमी

*

२४ सप्टेंबर

ताई,

पाकीट मिळालं. पत्ता तुझ्या हातचा, एवढ्यावरच मी खुर्चीतून उठून उभी राहिले. कारकून समोर होता, त्याला बाहेर पाठवला. आत चिठ्ठी नाही, चार ओळी नाहीत. माझंच दुसरं पत्र, घडीवर घडी घालून परत. आणि 'नाव सांगितलं' या दोन शब्दांखाली पेन्सिलची रेघ, पुढे प्रश्नचिन्ह.

सत्तावीस वर्षांनी पहिलं उत्तर, आणि ते प्रश्नचिन्ह.

दिवसभर मी जो दिसेल त्याच्या अंगावर गेले. वाहतुकीचा अहवाल घेऊन आलेल्याला म्हटलं की तुमच्या अहवालापेक्षा पोस्टाचं तिकीट जास्त बोलतं. मनात तुझ्याशीच भांडत होते. ही कोण मला तपासणार, मी काय हिची आरोपी आहे? चुकले, कबूल केलं, अजून काय नाक घासू? पत्राचा बोळा करून टोपलीत टाकला, आणि पाचला सगळे गेल्यावर टोपलीतून काढून सरळ केला. त्यावर तुझ्या पेन्सिलची रेघ होती ना.

ती खूण मी कशी विसरेन? तू जबान्या वाचायचीस तेव्हा मी शेजारी बसायची, शिकायला म्हणून. पान संपेपर्यंत काही बोलायची नाहीस, आणि मग नेमकी एका ठिकाणी पेन्सिल टेकवायचीस. "इथं माणूस अडखळलाय बघ. खरं सांगताना माणूस धांदरट होतो, खोटं मात्र बांधून आणतो." माझं ते वाक्य नीट बांधलेलं होतं. मलाच आता दिसतंय.

आज अजून एक आलं. जुने कागद नष्ट करायची यादी, माझ्या सहीसाठी. पंचवीस वर्षांवरच्या डायऱ्या रेकॉर्ड रूममध्ये कुजताहेत, कसर लागलीय, लगदा करायला द्यायच्या आहेत. दर काही वर्षांनी निघते अशी यादी, प्रमुख न वाचता सही करतात. मी वाचली. आठव्या पानावर आपलं ठाणं, आपलं वर्ष. मी सही केली की संपलं. तू खोटं बोलली नव्हतीस याचा जगातला एकमेव कागद, आणि मी खोटं लिहिलं याचाही.

यादी ड्रॉवरमध्ये ठेवलीय. कुलूप लावलंय. कारकुनाला सांगितलं, घाई काय आहे, इतकी वर्षं कुजल्या तशा अजून चार दिवस कुजू देत.

घुमी

*

३ ऑक्टोबर

ताई,

डायरी मागवून घेतली. पिवळी पडलीय, कडा हात लावला की तुटतात. ते पान मला शोधावं लागलं नाही, बोटंच तिथे गेली.

ओळ एक होती आणि मजकूर दोन ओळींचा. म्हणून अक्षरं एकमेकांना चिकटलीत, बसमध्ये जागा नसताना माणसं उभी राहावीत तशी. 'पावणेचार'पर्यंत हात ठाम आहे. तुझ्या नावाआधी एक शाईचा डाग आहे. तिथे पेन बराच वेळ टेकून राहिलं होतं.

साहेबांनी नाव सांगितलं नव्हतं.

ते फक्त म्हणाले, "सकाळची वेळ दिसता कामा नये. दुपारची टाक." डायरी उघडी ठेवून चहाला गेले. कुणी आणला, तिथे काय लिहायचं ते त्यांनी माझ्यावर सोडलं. त्यांच्या स्वतःच्या नावाशिवाय काहीही चाललं असतं त्यांना. मी त्या खुर्चीत बसून ठाण्यातल्या एकेका माणसाचं नाव मनात घेऊन बघितलं. हा नको, याला तीन पोरं. तो नको, तो माझा गळा धरेल. मग तू. तू दवाखान्यात सही केलीच होतीस, जुळत होतं. आणि मला वाटलं, ताई काय, ताई निभावून नेईल. तिला सगळे मानतात, तिला फार तर ताकीद मिळेल. मी टेबलावर असूनही नोंद केली नव्हती, माझी नोकरी कच्ची होती, मला सरळ घरी पाठवलं असतं. लहानपणी माझ्या हातून काही फुटलं की तू म्हणायचीस, मी फोडलं. बाबा तुझ्यावर ओरडायचे आणि थोड्या वेळाने विसरायचे. मी तोच हिशेब मांडला, सरकारी कागदावर. खात्याचे लोक बाबा नव्हते, हे कळायला मला आठ दिवस लागले. तोवर तुझी चौकशी सुरू झाली होती.

नाव मी घातलं. कुणी सांगितलं नाही, कुणी हात धरला नाही.

त्यानंतर आठ दिवसांत मी सांगू शकले असते. सांगायला म्हणून दोनदा साहेबांच्या दारापर्यंत गेले आणि परत आले. मग ते दिवसही गेले, आणि मग वर्षं गेली, आणि मग बढत्या आल्या. प्रत्येक बढतीबरोबर सांगणं आणखी महाग झालं. आई विचारायची, "तुमच्या दोघींत झालं तरी काय?" मी म्हणायची, "तिलाच विचार." तू तिला कधीच सांगितलं नाहीस, हे मला माहीत होतं. त्यावरच तर मी जगले.

ज्या दिवशी तू पट्टा आणि बिल्ला टेबलावर ठेवलास, त्या दिवशी टेबलावर मीच होते. पावती मीच लिहिली. तू ती वाचलीस, घडी घातलीस आणि म्हणालीस, "अक्षर सुधारलंय तुझं." तेवढंच. त्यानंतर तू माझ्याशी बोललेली नाहीस. खात्यात लोक अजून माझ्या अक्षराचं कौतुक करतात, ताई.

घुमी

*

१७ ऑक्टोबर

ताई,

यादीवर सही केली नाही. डायरी सील करून गृहखात्याकडे पाठवली, सोबत माझा जबाब. चार पानी, स्वतःच्या हाताने, एकही ओळ न सोडता. चौकशी पुन्हा उघडावी आणि तोवर मला या खुर्चीतून उठवावं, असं शेवटी लिहिलंय.

गृहखात्याच्या सचिवांनी दुसऱ्याच दिवशी बोलावलं. भला माणूस आहे. दार लावून घेतलं, चहा मागवला, आणि म्हणाले, "तुमचे ते साहेब वारले. वेल्डरला भरपाई कधीच मिळाली. हा कागद मी अजून नोंदवलेला नाही. घेऊन जा आणि फाडून टाका." मी कागद उचलला नाही. मग ते म्हणाले, "बरं, स्वतःचा नका करू विचार, बाकीच्या बायकांचा करा. तुमच्यामागे आठ-दहा जणी रांगेत आहेत. उद्या लोक म्हणतील, बघा, बाईच्या हातात दिलं आणि काय निघालं."

हे मात्र लागलं मला. खोटं नव्हतं ना ते. तीन महिने मी बायकांना टेबलावरून उठवून तपासाला पाठवतेय. ते सगळं माझ्याबरोबर बुडालं तर? मी म्हटलं, "साहेब, त्या आठ-दहा जणींत माझी बहीण पहिली असती. ती माझ्याआधी या खुर्चीत बसली असती, आणि माझ्यापेक्षा बरी बसली असती. रांगेतून तिला मीच ढकललं. बायकांचाच विचार करायचा तर तिथून करावा लागेल." त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. मग घंटा वाजवून कागद नोंदवायला सांगितला.

बातमी दुपारपर्यंत शहरभर झाली. खात्यातले लोक कुजबुजायला लागले, करून करून भागली अन् देवपूजेला लागली. म्हणू देत. एकच गोष्ट सहन झाली नाही. ती नवी फौजदार आली. बसायला सांगितलं तर बसली नाही. "मॅडम, तुम्ही म्हणालात की तुम्ही तेच केलं असतं. त्या एका वाक्यावर मी ठाण्यात उभी होते. सगळे माझ्याकडे पाठ करून जेवायचे, तरी उभी होते." मी म्हटलं, "खोटं बोलले मी." ती म्हणाली, "हो." आणि मग, "त्या कुठे असतात? ज्यांचं नाव होतं त्या?" मी म्हटलं, "गाडी शिकवतात." ती म्हणाली, "मला येत नाही गाडी." आणि गेली, सलाम न करता.

ती आली तर तिला शिकव. रागीट आहे, पण हाताला स्थिर आहे. तुझ्यासारखी आहे, हे मी मुद्दाम लिहीत नव्हते, पण आता लिहिलंच.

आज खोली रिकामी केली. माझ्या जागी तात्पुरता म्हणून जो आलाय त्याने विचारलं, "ते कोऱ्या ओळीचं हुकूमपत्र, ते चालू ठेवायचं का?" मी म्हटलं, "ते तुम्ही ठरवा." तो म्हणाला, "हवालदार लोक आता म्हणतात, स्वतः लिहिलेलंच बरं, दुसऱ्याने आपल्या नावावर काय लिहिलं ते बघत बसावं लागत नाही." त्यामुळे तूर्त तरी चालू आहे.

घुमी

*

९ नोव्हेंबर

ताई,

तीन आठवडे झाले, घरीच आहे. गणवेश नसला की काय घालायचं हेच सुचत नाही मला. शेजारच्या बाईंनी जिन्यात विचारलं, "रजा का?" मी म्हटलं, "हो, जरा लांबची." भाजी आणायला गेले तर भाजीवाल्याने ओळखलं आणि मान खाली घातली. मला वाटलं होतं सांगून टाकल्यावर हलकं वाटेल. सगळे तसंच म्हणतात. तसं काही झालेलं नाही. इतकंच झालं की आता तुझी आठवण येते तेव्हा ती नुसती आठवण असते, तिच्यामागे भीती नसते. त्यामुळे जास्तच येते.

तीन ऑक्टोबरचं पत्र अजून परत आलेलं नाही. मी रोज टपाल बघते. आलं नाही की बरं वाटतं.

चौकशी समितीचा कागद आला. मंगळवारी सकाळी दहा वाजता, जुन्या कचेरीच्या दुसऱ्या मजल्यावर. साक्षीदारांच्या यादीत तीन नावं आहेत. वेल्डर, दवाखान्यातला त्या वेळचा डॉक्टर, आणि पहिलं तुझं. तुझ्या नावापुढे त्यांनी तुझा हुद्दा लिहिलाय, कंसात 'माजी' न लिहिता. चुकून राहिलं की मुद्दाम, माहीत नाही. मी त्यावर बोट फिरवून बघितलं.

दोन जिने आहेत तिथे आणि पायऱ्या उंच. डाव्या बाजूने ये, तिकडे कठडा आहे. तुझा गुडघा कसा आहे हे मला कुणी सांगत नाही, म्हणून लिहून ठेवते.

खात्याने मला वकील दिलाय. चुणचुणीत आहे. काल म्हणाला, "त्यांची साक्ष पाच मिनिटांत उरकेल असं बघतो. मोठी बहीण आहे, शेवटी रक्ताचं नातं. थोडं मऊ विचारलं तर त्या तुम्हाला सांभाळूनही घेतील." मी त्याला सांगितलं की तिला एकही प्रश्न मऊ विचारायचा नाही, आणि ती बोलत असताना मध्ये उठायचं नाही. तो माझ्याकडे असा बघायला लागला की ही बाई शुद्धीवर आहे ना.

त्याला कसं सांगू? नियम तुला माहीत आहे. साक्षीदाराने समितीकडे बघून बोलायचं, माझ्याकडे नाही. मला मध्ये तोंड उघडता येणार नाही. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलेली असेन, आणि ते तुला विचारतील की त्या दिवशी सकाळपासून काय काय घडलं, आणि तुला सांगावं लागेल. माझ्याविरुद्ध का होईना. सत्तावीस वर्षं मी तुझा आवाज ऐकलेला नाही, ताई. आईने सगळं सांगितलं, पण आवाज कसा सांगणार?

मला सांभाळून घेऊ नकोस. एकदा घेतलंस तेवढं पुष्कळ झालं. पाणी मागून घे, खुर्ची मागून घे, आणि सकाळी अकरापासून सगळं सांग, बारीकसारीकसुद्धा. मी कुठे बसले होते, काय करत होते, तू आत आलीस तेव्हा मी मान वर केली की नाही. जेवढा वेळ लागेल तेवढा लाव.

घुमी